उत्तरेची खिडकी आणि भूत जोलोकिया: घरात वाढवलेल्या मिरचीचं एक प्रकरण

"मामा, आज अजून दोन गेली."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. गेली म्हणजे मिरचीची रोपं. पाठोपाठ फोटो आला: खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक झालेलं, पानं अजून हिरवी आणि रोप आडवं. झोपेतून उठवून असा फोटो दाखवला तरी मी सांगेन, ही रोपमर, म्हणजे बुरशीने कोवळं रोप मातीलगत कुजून मरणं. नारायणगावजवळ वीस वर्षं टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका चालवली, रोपमर दिसली नाही असा एक पावसाळा गेला नाही. "पाणी जास्त होतंय, कमी कर," असं सांगून मी फोन ठेवला.

सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता. त्या अर्धवटपणापायी पुढचा महिना वाया गेला. घरात पहिल्यांदाच मिरची लावणाऱ्याची जवळजवळ सगळी दुखणी या एका खिडकीत ओळीने बघायला मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. त्यातलं मुळातलं दुखणं धंद्यातल्या माणसाला, म्हणजे मलाच, फोनवरून ओळखता आलं नाही, हेही त्यात आलं.

घर, खिडकी आणि हट्ट

भाचा आयटीत आहे. वाकडला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, सोबत त्याची आई म्हणजे माझी ताई. हॉलची बाल्कनी पश्चिमेला आहे. तिथे दुपारी दोननंतर चांगलं ऊन येतं, पण कबुतरांचा इतका सुळसुळाट की कोणतंही रोप दोन दिवस उभं राहत नाही. ग्रिलच्या पिंजऱ्यात ठेवलेली तुळशीची कुंडी तेवढी शाबूत. भाच्याच्या कामाच्या खोलीची खिडकी उत्तरेला उघडते आणि समोर चाळीस फुटांवर दुसरा टॉवर आहे. मिरची तिथेच लावायची, टेबलाशेजारी, डोळ्यांसमोर, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

मिरचीही साधी नाही. ऑफिसातल्या गुवाहाटीच्या मित्राने भूत जोलोकियाच्या लोणच्याची बाटली आणली होती, तिथून हे खूळ शिरलं. २००७ साली गिनीज बुकाने जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली ती हीच, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वरची. पुढे तिचा विक्रम बऱ्याच जणींनी मोडला. २०२३ पासून पेपर एक्स नावाची मिरची सव्वीस लाखांच्या पुढे बसली आहे. पण आसाम-नागालँडच्या दमट हवेतली ही जात आपल्या ओळखीतली म्हणून त्याला तीच हवी होती.

मी म्हणालो, "अरे, पहिल्यांदा करतोयस तर ज्वाला लाव. तीन-साडेतीन महिन्यांत मिरच्या खाशील."

"ज्वाला मंडईत मिळते, मामा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे सुचायला हवं होतं. आपल्या रोजच्या मिरच्या, ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, सगळ्या एका प्रजातीच्या आहेत आणि जोलोकिया दुसऱ्या. त्या दुसरीचं बी सावकाश उगवतं, रोप सावकाश वाढतं आणि बी टाकल्यापासून पिकलेली मिरची हातात यायला सहा-सात महिने सहज जातात. एवढा काळ नवख्या माणसाच्या हातात चुका करायला मोकळा राहतो. ज्वालाने त्याच चुका माफ केल्या असत्या असं नाही, पण निदान लवकर दाखवून दिल्या असत्या.

बी

ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात तीस बिया होत्या. डिसेंबरअखेर त्यातल्या दहा त्याने कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात टाकून खिडकीत ठेवल्या. तीन आठवडे काहीच नाही. रोज सकाळी काडीने उकरून बघणं मात्र चालू होतं. पुण्याच्या डिसेंबरात रात्री बंद खोलीतही पारा अठरा-एकोणीसवर येतो आणि खिडकीच्या काचेलगत त्याहूनही खाली. या मिरचीच्या बीला पंचवीस ते तीस अंश हवेत. थंड, ओल्या कोकोपीटमध्ये ते मरत नाही लगेच, नुसतं पडून राहतं आणि पडून राहिलेलं बी बुरशी खाते.

जानेवारीच्या मध्यावर उरलेल्या वीस बिया टाकताना त्याने विचारलं, तेव्हा मी रोपवाटिकेतली युक्ती सांगितली. आम्ही ट्रे भरून, पाणी देऊन एकावर एक रचतो आणि वरून प्लास्टिक गुंडाळतो. आतल्या उबेत बी एकदम फुटतं. घरी ट्रेची थप्पी कुठून आणणार? म्हणून मी विचारलं, घरात सतत कोमट असणारी जागा कोणती? ताईने आतून ओरडून सांगितलं, सेटटॉप बॉक्सवर! तिथे सत्तावीस-अठ्ठावीस अंश भरले. झाकणाच्या डब्यात ओलसर कोकोपीट, बी पाव इंच खोल आणि उकरायला सक्त मनाई. अकराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. चोविसाव्या दिवसापर्यंत वीसपैकी तेरा उगवले. एवढ्या आळशी बीला हे काही वाईट नाही.

याच सुमारास घरात दुसरी एक लागवड झाली. तिची कुणी दखलही घेतली नव्हती. ताईने मसाल्यासाठी सुक्या लवंगीची देठं खुडली आणि सुपात उरलेलं बी-भुसकट तुळशीच्या कुंडीत झटकलं. बाजारात लवंगी म्हणून मिळते त्यात गुंटूरकडची तेजाही असते, त्यामुळे ती नक्की कोणती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कुंडीत पाच-सहा रोपं आली, त्यातली तीन तिने राहू दिली. या तीन रोपांनीच पुढे निदान करून दिलं.

जे मला फोनवर दिसलं नाही

कोंब आल्यावर डबा खिडकीत गेला. आठवड्याभरात रोपं सरसर उंच झाली आणि भाचा खूश झाला. मला पाठवलेले फोटो त्याने जवळून काढले होते, त्यामुळे दोन पानांमधलं अंतर किती वाढलंय ते कळत नव्हतं. फेब्रुवारीत रोपमर सुरू झाली. तेरातली पाच गेली. मी सांगितल्यावर पाणी कमी केलं म्हणजे रोजच्याऐवजी एक दिवसाआड केलं. रोपं मरायची थांबली पण वाढेनातही. खालची पानं पिवळी पडली. ते भुकेचं लक्षण समजून त्याने १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत लिटरला पाच ग्रॅम घालून दिलं. इतक्या लहान रोपांना एक ग्रॅमही पोटभर होतं. पानांच्या कडा जळल्या. मग कोकोपीटमधून बारीक काळी चिलटं उडायला लागली. ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली तेव्हा ताईने मला फोन केला. "तुझ्या भाच्याचं शेत एक तर तू ये आणि बघ, नाहीतर मी बाहेर टाकते."

मार्चच्या मध्यावर गेलो.

घरात शिरल्यावर मी आधी कुंड्यांकडे पाहिलंच नाही, कारण चहा बाल्कनीत होता. तुळशीच्या बुडाशी लवंगीची तीन रोपं दिसली. वीतभरही उंच नव्हती, पण खोड पेन्सिलीच्या शिशाहून जाड, पानं गडद, पेरं जवळजवळ. मग आत गेलो. खिडकीतली आठ रोपं तितकीच उंच होती, पण सगळी काचेकडे झुकलेली, खोड शिवणाच्या जाड दोऱ्याएवढं, दोन पानांमध्ये बोटभर अंतर. जात वेगळी, मान्य. पण घर तेच, पाणी देणारा हात तोच, नळ तोच, आणि लवंगीला तर कुणी खताचा कणही दिला नव्हता. वेगळा होता तो फक्त उजेड.

माझी अडचण समजून घ्या. रोपवाटिकेत आम्ही उजेड कमी करायला पैसे घालतो. पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधतो, आणि तिच्याखालीही दुपारी इतका प्रकाश असतो की टोपीशिवाय काम होत नाही. उजेड पुरत नाही हा आजार मी वीस वर्षांत पाहिलाच नव्हता. त्यामुळे फोटोत रोपमर दिसली की माझं डोकं बुरशी, पाणी, निचरा याच वाटेने चालायला लागतं.

भाच्याने मोबाइलवर लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं ॲप घेतलं. मोबाइलचं मोजमाप अगदी नेमकं नसतं, पण तुलना करायला पुरतं. भर दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर १,८०० लक्स. टेबलावर, दोन फूट आत, ३५०. तुळशीपाशी उन्हाचा पट्टा आल्यावर ६० हजारांच्या पुढे. तो ॲपकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांना दोन्ही जागा 'छान उजेडाच्या' होत्या. डोळ्यांचा हाच घोटाळा आहे. बाहुली लहान-मोठी करून ते सगळीकडचं सारखंच करून दाखवतात. पानाला बाहुली नसते.

दिवसाचा हिशेब मांडला. खिडकीत १,८०० लक्स दहा तास धरले तरी अठरा हजार लक्स-तास. मिरचीला नुसती तगून न राहता फुलं-फळं धरायची असतील तर माझ्या अंदाजाने निदान दोन-अडीच लाख हवेत. म्हणजे रोप गरजेच्या दहाव्या हिश्शावरही नव्हतं.

पाण्याचा प्रश्न उजेडाचा कसा निघाला

प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

रोप पाणी ओढतं ते पानांतून वाफ सोडण्यासाठी. पानांवरची छिद्रं उघडतात ती मुख्यतः उजेडावर. उजेड नसेल तर छिद्रं अर्धवट उघडतात, वाफ जात नाही, मुळांकडून मागणी येत नाही, आणि घातलेलं पाणी कोकोपीटमध्ये तसंच बसून राहतं. कोकोपीट तर पाणी धरण्यात पटाईत. वरचा थर कोरडा, भुरा दिसतो आणि बोटभर खाली चिखल असतो. पाण्याने भरलेल्या त्या पोकळ्यांत हवा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. रोपमरीची एक बुरशी तर पाण्यातून पोहत मुळापर्यंत येते, तिला याहून बरं काय हवं! वर उजेडाच्या शोधात ताणलेलं खोड पातळ भिंतींचं, कोवळं. रोपमर, पिवळी पानं, चिलटं आणि खुंटलेली वाढ असे चार आजार दिसत होते, पण चौघांचं मूळ एकच होतं.

भाच्याला हे पटलं, पण त्याला आकडे लागतात. दिवे यायला आठवडा होता. तेवढ्यात त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज कुंड्या मोजल्या. चार इंची कुंडी पाणी देऊन निथळली की ३८० ग्रॅम. पुन्हा पाणी द्यायची वेळ, म्हणजे उचलल्यावर हलकी लागेल इतकी, २२० ग्रॅमला. मधलं अंतर १६० ग्रॅम. खिडकीत कुंडी दिवसाला सरासरी १४ ग्रॅम घटत होती. अकरा दिवस पुरेल एवढं पाणी तो दर दोन दिवसांनी देत होता, कारण व्हिडिओत 'एक दिवसाआड' सांगितलं होतं. तो व्हिडिओ करणाऱ्याच्या गच्चीवर ते बरोबरच असणार.

दिवे लागल्यावर दोन आठवड्यांनी तीच कुंडी दिवसाला ४५ ग्रॅम घटू लागली, एप्रिलअखेर ८० ग्रॅम. त्यात दिव्यांच्या उबेने उडणारं पाणीही आलं आणि रोपं मोठी झाली तेही आलं. पण आता एक दिवसाआडचं पाणी खरोखरच लागायला लागलं होतं.

दिवे

मी जाण्याआधी त्याने एक जांभळा ग्रो लाइट आणला होता, टेबलाला चिमट्याने लावायचा. खोक्यावर वॅटचा मोठा आकडा छापलेला, प्लगमध्ये मीटर लावून पाहिलं तर नऊ वॅट. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं की हिरवं, कीड आहे की नाही, काहीच कळत नाही. लक्समीटरही त्या रंगाला फसतं, कारण ते माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं. तो दिवा परत गेला.

आम्ही घेतल्या त्या साध्या घरगुती एलईडी पट्ट्या, वीस वॅटच्या, चार फुटी, थंड पांढऱ्या. चार पट्ट्या फूटभर रुंदीत शेजारी शेजारी बसवल्या. त्या जुन्या बुकशेल्फच्या खणाला साखळीने टांगल्या, म्हणजे रोप वाढेल तशा वर सरकवता येतील. बाजूंना थर्माकोलचे पांढरे तक्ते लावले, बाहेर सांडणारा उजेड परत आत यावा म्हणून. पानांपासून अर्ध्या फुटावर १६ हजार लक्स मिळाले. तीच पट्टी दीड फूट वर नेली की आकडा निम्म्याच्याही खाली. नवखा माणूस दिवा छताला लावतो आणि 'लावला की' म्हणतो, तिथे सगळं वाया जातं.

सकाळी सहा ते रात्री आठ असे चौदा तास टायमरवर. मिरचीची फुलं दिवस किती लांब यावर फारशी अडून बसत नाहीत, त्यामुळे तासांचा बाऊ करायचं कारण नाही. पण टायमर हवाच, कारण माणूस विसरतो. सव्वा दोन लाख लक्स-तास झाले. विजेचा हिशेब ऐंशी वॅट, चौदा तास, महिन्याला तेहतीस-चौतीस युनिट. बिलात सव्वातीनशेच्या आसपास भर पडते.

एक चूक या गडबडीत झाली, तीही लिहितो. दिवे येईपर्यंत धीर न निघून भाच्याने दोन रोपं दुपारी तीनला बाल्कनीच्या उन्हात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पानं कागदासारखी पांढरी. १,८०० लक्सवर वाढलेलं कोवळं पान ६० हजारांत नेलं तर दुसरं काय होणार? रोपवाटिकेतून शेतात जाणाऱ्या रोपालाही आम्ही आठवडाभर पाणी तोडून, नेट काढून कणखर करतो. आठाची सहा झाली.

उरलेली सहा नव्या मिश्रणात हलवली. निम्मं कोकोपीट, पण आधी दोन-तीन पाण्यांनी धुतलेलं, कारण त्यात क्षार असतात. उरलेल्यात गांडूळखत आणि परलाइट, म्हणजे निचऱ्यासाठी घालायचे हलके पांढरे खडे. लांबलेली रोपं टोमॅटो असती तर गळ्यापर्यंत पुरली असती. मिरचीच्या खोडाला तितक्या सहज मुळं फुटत नाहीत, म्हणून पहिल्या दोन पानांच्या खालीपर्यंतच मातीत घेतली आणि अगरबत्तीच्या काडीचा आधार दिला. टेबलफॅन हळू वेगावर, दिवसातून काही तास. वाऱ्याने हललं की खोड जाड होतं. चिलटांसाठी पिवळा चिकट सापळा लावला, पण ती खरी गेली ती कुंडीचा वरचा इंच मधेमधे सुकायला लागला तेव्हा.

एप्रिलमध्ये मला आलेला फोटो मी ओळखलाच नाही. रुंद, सुरकुतलेली, जोलोकियाची म्हणावीत अशी पानं. मेच्या मध्यावर चार झाडं दहा इंची कुंडीत गेली, दोन त्याने गुवाहाटीच्या मित्राला दिली.

फुलं येतात आणि गळतात

मेअखेर कळ्या आल्या आणि फुलं उमलून देठापासून गळायला लागली. रोज सकाळी टेबलावर आठ-दहा. भाच्याने पुन्हा खताची पिशवी काढली. या वेळी मी फोनवरच दटावलं. खोलीत दुपारी चौतीस, रात्रीही अठ्ठावीसच्या खाली नाही. एवढ्या उकाड्यात मिरचीचा पराग नीट काम करत नाही. त्यावर नत्राचं खत आणखी दिलं असतं तर पानं माजली असती, फळ एकही नाही. १९:१९:१९ थांबवून पालाश जास्त असलेलं खत पंधरवड्याला लिटरमागे एक ग्रॅम, एवढंच ठेवलं आणि पावसाची वाट बघायला सांगितलं. हा सल्ला शेतकऱ्याला द्यावा लागत नाही, आयटीवाल्याला द्यावा लागतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा पालटली, खोली सत्तावीसवर आली. आता दुसरी अडचण. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळू शकतं, पण पराग झडायला हलकासा धक्का लागतो. शेतात तो वारा देतो, मधमाशी देते. बंद खोलीत दोन्ही नाहीत. भाचा सकाळी दहाच्या सुमारास देठाला बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू दोन-तीन सेकंद टेकवायचा. ताई म्हणायची, "आता झाडांचे दात घासतोय." जूनअखेर तीन झाडांवर टाचणीच्या डोक्याएवढी फळं दिसली.

चौथं झाड वेगळंच निघालं. जोलोकियाला एका पेरावर दोन-तीन फुलं येतात, हिरवट पांढरी, मान खाली घातलेली. याला प्रत्येक पेरावर एकच फूल, शुभ्र. पानंही अरुंद, गुळगुळीत. म्हणजे पाकिटात आपल्या रोजच्या प्रजातीचं कुठलं तरी बी मिसळलं होतं. भाचा चिडला, मला हसू आलं. पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नसतो, झाड फुलावर आलं की ते स्वतःच सांगतं. काढू नको म्हटलं.

बोकड्या नव्हे, कोळी

जुलैत शेंड्याची पानं वाकडी झाली आणि भाच्याने इंटरनेटवर बघून निकाल दिला: व्हायरस, चुरडा-मुरडा, झाडं फेकावी लागणार. आपल्याकडे मिरचीचं पान वळलं की सरसकट बोकड्या म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर बहुधा फुलकिडे. होडी पालथी पडली, म्हणजे कडा खाली आणि देठ लांबलेला, तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूत पानं लहान होऊन गुच्छ होतो, शिरा पिवळसर दिसतात आणि झाडच खुजं राहतं. "कडा वर की खाली?" एवढंच विचारलं. खाली.

मिरचीचा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, फार तर पाव मिलिमीटरचा. दहापट भिंगातून पानामागे काचेच्या थेंबासारखे ठिपके हलताना दिसले. आला कुठून? दोन आठवड्यांपूर्वी त्याने नर्सरीतून आणलेलं जरबेराचं फुलझाड शेल्फवर, मिरचीला खेटून ठेवलं होतं. घरात आलेल्या किडीला पाऊस झोडपत नाही, तिला खाणारे किडेही नसतात. सातव्या मजल्यावर कीड येत नाही हा समज खोटा आहे. उशिरा येते आणि आली की मोकाट सुटते.

खोलीत, जिथे माणूस दिवसाचे नऊ तास बसतो, तिथे कोळीनाशक फवारू नको असं मी निक्षून सांगितलं. जरबेरा बाहेर. वाकडे शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात. झाडं ड्राय बाल्कनीत नेऊन पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या मागून. आठ दिवसांनी पुन्हा. कडक उकाड्यात गंधकाने पान भाजतं आणि निंबोळी तेलाच्या जवळपास तर ते मारूच नये, पण जुलैत पुण्यात तशी भीती नव्हती. वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस रोज त्यांच्याकडेच बघून निराश होतो. तीन आठवड्यांनी आलेला नवा फुटवा स्वच्छ होता. ताणात काही कोवळी फळं गळली.

हाती काय आलं

पहिली जोलोकिया ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लाल झाली. ऑक्टोबरअखेर तीन झाडांच्या मिळून चौतीस भरल्या. दिवे, टायमर, कुंड्या आणि वीज धरून भाच्याने हिशेब काढला तेव्हा एक मिरची सव्वाशेच्या आसपास पडली. हे शेतीचं गणित नाही, त्याने कुणी घाबरू नये. हुरळूनही जाऊ नये. बाल्कनीत ऊन असेल आणि कबुतरं आवरता येत असतील तर दिव्यांच्या भानगडीत पडूच नये, हे माझं मत मी त्याच्यासमोरही बोलून दाखवलं आहे.

तिखट मात्र खरंखुरं. कापताना हातमोजे घाल असं मी बजावलं होतं, ते भाच्याने ऐकलं, ताईने नाही. मिरचीतला जाळ बियांत नसतो, बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. ताईने ती नखाने खरवडून काढली आणि अर्ध्या तासाने चष्मा पुसता पुसता डोळ्याला हात लावला. पाण्याने तो जाळ जात नाही, कारण तो पाण्यात विरघळतच नाही. बोटांना तेल चोळून मग साबण लावला तेव्हा हात निवले. डोळा पाण्याने धूत बसावं लागलं, पाऊण तास. त्यानंतरच्या ठेच्यात पंचवीस हिरव्या मिरच्यांना अर्धी जोलोकिया असं प्रमाण ठरलं आणि तेही फक्त पाहुणे भाच्याच्या ऑफिसातले असले तर. उरलेल्या फ्रीझरमध्ये आहेत. रोजच्या फोडणीला ताई त्या चौथ्या, चुकून आलेल्या झाडाच्या मिरच्या वापरते. तिखट बेताचं, वास झकास. भाचा आता त्याचं बी धरतोय.

जोलोकियाची झाडं या हिवाळ्यात काढली नाहीत. छाटून वीतभर ठेवली आहेत, दिवे दहा तासांवर आणले आहेत आणि कुंडीचं वजन दिवसाला तीस ग्रॅमच घटतंय, त्या मानाने पाणी. मिरची आपल्याकडे हंगामी पिकासारखी घेतात, पण मुळात ती काही वर्षं जगणारं झुडूप आहे, थंडी कडक नसेल तर.

तुळशीच्या लग्नाआधी ताईने कुंडी गेरूने रंगवायला घेतली आणि लवंगीची तिन्ही झाडं उपटली. भाच्याने तोडून मोजल्या: एकशे बारा मिरच्या, हिरव्या-लाल मिळून. त्याने त्या वहीत लिहिल्या, पण वेगळ्या पानावर.